आपले दिवस मोजायला शिकू या



स्तोत्रसंहितेतील नव्वदावे स्तोत्र मोशेची प्रार्थना म्हणून ओळखले जाते. त्याच्या बाराव्या ओवीत देवाजवळ एक वेगळेच मागणे आहे. आपले दिवस मोजके आहेत याचे भान आम्हाला दे, म्हणजे आमचे अंतःकरण शहाणे होईल, असा त्याचा भाव आहे. मोशेला इजिप्तच्या राजवाड्यापासून वाळवंटापर्यंत दीर्घ आयुष्य लाभले होते. अशा माणसालाही दिवस मोजणे देवाकडूनच शिकावेसे वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपण पैसे मोजतो. पगार किंवा मजुरी हाती पडली की वाण्याची उधारी, दूधवाल्याचे, मुलांच्या शाळेची फी, गावी पाठवायचे, असा हिशोब लगेच सुरू होतो. वेळेचा हिशोब मात्र सहसा कोणी मांडत नाही. म्हणून आज तोच मांडून पाहू.

१. आठवड्याचे १६८ तास

आठवड्याचे एकूण तास १६८. आठ तासांच्या सहा ड्यूट्या धरल्या तर ४८ तास गेले. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. उरले ६४. कामावर जाणे-येणे, आंघोळ, जेवण, बाजारहाट यांना रोजचे चार तास दिले तर आणखी २८ गेले. तरीही ३६ तास शिल्लक राहतात. त्यातला एक तास रविवारच्या मिस्साचा. बाकीचे ३५ कुठे जातात?

हा प्रश्न कोणाला दोष देण्यासाठी नाही. काही तास आजाऱ्याच्या उशाशी जातात, काही नातेवाइकांच्या सुखदुःखात जातात. ते वाया गेले असे कोण म्हणेल? पण बरेच तास असे जातात की रात्री आठवू म्हटले तरी आठवत नाहीत. थोडे मोबाइलवर, थोडे पानटपरीवर, थोडे टीव्हीसमोर. ‘वेळच मिळत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा खरे कारण वेगळे असते. वेळ कशासाठी हवा आहे, हेच आपण ठरवलेले नसते.

मत्तयच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला (मत्तय २५:१४-३०) आपण अनेकदा ऐकला आहे. तिसऱ्या चाकराने धन्याचा पैसा जुगारात उडवला नाही की दारूत घालवला नाही. त्याने तो जमिनीत पुरून ठेवला, एवढेच. तरी धनी त्याच्यावर रागावला. वेळेचेही तसेच आहे. वेळ वाईट कामात घालवला नाही म्हणजे आपण निर्दोष ठरलो असे नाही. आपल्याकडे सोपवलेली ठेव आपण नुसती पुरून तर ठेवत नाही ना, हेही पाहिले पाहिजे.

२. प्रभू येशूचा एक दिवस

वेळ कसा वापरावा याचा सर्वांत चांगला धडा मार्कच्या पहिल्या अध्यायात आहे (मार्क १:२१-३९). कफर्णहूम गावातील एका शब्बाथ दिवसाची हकीकत तिथे सांगितली आहे. सकाळी प्रभू सभास्थानात शिकवतो. तिथे अशुद्ध आत्मा लागलेल्या एका माणसाला तो मुक्त करतो. तिथून शिमोन पेत्राच्या घरी जातो आणि तापाने पडलेल्या त्याच्या सासूला हात धरून उठवतो. सूर्य मावळल्यावर लोक गावातील सगळे आजारी घेऊन येतात आणि सारे गाव दाराशी गोळा होते. तो पुष्कळांना बरे करतो. असा हा दिवसभराच्या कामाचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकान्तात जातो आणि प्रार्थना करतो. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत येतात व सांगतात की सगळे लोक तुमचा शोध करीत आहेत. खरे म्हणजे यश मिळाले होते. गाव पाठीशी होते, दाराशी गर्दी होती, आणि त्या गर्दीत खरोखरच दुखणाईत माणसे होती. तरी प्रभू परत फिरत नाही. आसपासच्या गावांत जाऊ, तिथेही घोषणा करायची आहे, आपण त्यासाठीच आलो आहोत, असे तो शिष्यांना सांगतो.

येथे लक्षात घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, प्रार्थना आधी आणि काम नंतर. काम आटोपल्यावर वेळ उरला तर प्रार्थना, असा त्याचा क्रम नव्हता. आदल्या रात्री उशिरापर्यंत काम करूनही पहाटेची वेळ त्याने पित्यासाठी राखून ठेवली.

दुसरी गोष्ट, काय करायचे हे गर्दीने ठरवले नाही. ते प्रार्थनेत ठरले. ज्याचा दिवस सकाळी देवासमोर ठरत नाही, त्याचा दिवस इतर लोक ठरवतात. पहिला फोन कोणाचा आला आणि दाराशी कोण उभे राहिले, यावरच मग सगळे अवलंबून राहते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. एका मुख्य कामासाठी त्याने दुसऱ्या चांगल्या कामाला नकार दिला. वाईटाला नाही म्हणणे त्यामानाने सोपे असते. चांगल्या गोष्टीलाही ‘आत्ता नाही’ म्हणता येणे याला एकाग्रता म्हणतात. मार्था आणि मरिया यांच्या घरी प्रभूने हेच शिकवले (लूक १०:३८-४२). मार्था करीत असलेले काम वाईट नव्हते. ती पाहुणचारच करीत होती. पण अनेक गोष्टींच्या काळजीत ती गरजेची एक गोष्ट विसरली होती.

३. चुन्याच्या भट्टीचा धडा

राजूरच्या नावाशी कोळसा आणि चुना दोन्ही जोडलेले आहेत. एकाग्रता म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. भट्टीकडे पाहिले तरी पुरे.

चुनखडीचा दगड भाजून चुना होतो. त्यासाठी दगडाला साधारण ९०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती मिळाली की दगडातला वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली तर चुना मिळतो सुमारे ५६ किलो. बाकीचे वजन वायू होऊन हवेत जाते.

आता असे समजा की एखाद्याने तोच दगड ४०० अंशांवर तापवला. एक दिवस तापवला, आठवडाभर तापवला. काय होईल? कोळसा जळेल, मेहनत जाईल, दगड हात लावता येणार नाही इतका तापेल. पण थंड झाल्यावर तो दगडच राहील. नीट न भाजलेल्या दगडावर पाणी ओतले तर तो फुलत नाही. वरून चुन्यासारखा दिसला तरी आतला गाभा कच्चाच असतो.

आपल्या पुष्कळ कामांचे असेच होते. मुलगा चार तास पुस्तक घेऊन बसतो. पण शेजारी मोबाइल, समोर टीव्ही, मधेच मित्राची हाक. वेळ चार तास गेला, उष्णता मात्र हवी तेवढी एकदाही चढली नाही. परीक्षेत प्रश्नाचे पाणी पडले की गाभा कच्चा असल्याचे कळते. त्यापेक्षा पाऊण तासच बसला, पण पूर्ण मनाने बसला, तर त्याचे काम पक्के होते. प्रार्थनेचेही असेच आहे. जपमाळेचे मणी बोटांतून सरकत असतात आणि मन उद्याच्या भाजीपाल्यात असते. म्हणून किती तास दिले याबरोबरच किती मन दिले, हेही मोजायला हवे.

या दाखल्यात आणखी एक शिकवण आहे. दगडातून चुना होताना जवळजवळ निम्मे वजन सोडून द्यावे लागते. काहीच न सोडता सगळे हवे म्हणणारा दगडच राहतो.

४. थोडे, पण रोज

‘आम्हाला एवढी कामे, आम्ही कुठून काही मोठे करणार?’ असे वाटणे साहजिक आहे. म्हणून तीन माणसांची आठवण करू. तिघांच्याही मागे कामाचा मोठा व्याप होता.

पहिले आपल्या शेजारच्या वणीचे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म वणीत १८८० साली झाला. वकिली, राजकारण, १९३० चा जंगल सत्याग्रह आणि तुरुंगवास, पुढे १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपालपद, नंतर लोकसभेची खासदारकी, असे त्यांचे आयुष्य धामधुमीचे होते. तरीही उतारवयात त्यांनी लोकमान्य टिळकांच्या चरित्रावर ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य रचले. त्यात सुमारे बारा हजार श्लोक आहेत. बापूजी १९६८ साली वारले. त्यानंतर १९७३ मध्ये या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

दुसरे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला प्रिय असलेले फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोचले आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे इकडेच राहिले. साष्टी भागातील धर्मग्रामांत सेवा करीत असताना परकी भाषा शिकून त्यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. हा आकडा ऐकून छाती दडपते. पण हिशोब करून पाहा. रोज पाच ओव्या रचल्या तर अकरा हजार ओव्यांना सहा वर्षे लागतात. फादर स्टीफन्स यांनी रोज किती ओव्या रचल्या हा येथे प्रश्न नाही. रोज पाच ओव्यांचे काम चाळीस वर्षांच्या सेवेत सहज बसते, हे ध्यानात घ्यायचे आहे.

तिसऱ्या पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळाने आणि वैधव्याने उघड्यावर पडलेल्या शेकडो स्त्रिया व मुली त्यांच्या आश्रयाला होत्या. त्यांचे अन्न, वस्त्र, शिक्षण, आजारपण, सगळ्याची जबाबदारी रमाबाईंवर होती. त्या जबाबदारीतच त्यांनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षे एका कामाला दिली. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. मूळ भाषा नीट कळावी म्हणून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा भाषांतराचे काम पूर्ण झाले होते.

या तिघांना दिवसाचे पंचवीस तास मिळाले नव्हते. त्यांनी एक काम निवडले आणि ते रोज थोडे थोडे केले. आपले काम ग्रंथ लिहिण्याचे नसेल. कर्ज फेडणे, मुलीला बारावीपर्यंत नेणे, दारू सोडणे, घरात रोज प्रार्थना सुरू करणे, हीही महाकाव्येच आहेत. तीही एका दिवसात लिहून होत नाहीत.

५. ज्यांचा वेळ त्यांच्या हाती नाही

वेळेच्या नियोजनावरची पुस्तके वाचली की वाटते, प्रत्येकाच्या हाती वेळ आहे आणि त्याने तो नीट वापरावा एवढेच बाकी आहे. पण कापूस वेचायला जाणारी बाई, भट्टीवरचा रोजंदारीचा मजूर, ट्रकवरचा क्लीनर यांचा वेळ दुसऱ्याने विकत घेतलेला असतो. त्यांना ‘पहाटे उठून योजना करा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. वेळ हा न्यायाचाही प्रश्न आहे, आणि ख्रिस्तसभेने तो तसाच मांडला आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे कामगारांविषयीचे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यात खाणींतील आणि दगडांच्या खाणींतील कामगारांचा वेगळा उल्लेख आहे. जमिनीच्या पोटातून कोळसा, दगड, धातू काढणाऱ्यांचे श्रम अधिक कठीण आणि प्रकृतीला अधिक घातक असतात, म्हणून त्यांचे कामाचे तास त्या प्रमाणात कमी असावेत, असे पोपमहाशयांनी म्हटले आहे. राजूरच्या माणसाने हे अभिमानाने लक्षात ठेवावे. रोममध्ये लिहिलेल्या त्या पत्रात आपल्यासारख्यांच्या घामाची नोंद आहे.

त्याच्या एक वर्ष आधी आपल्या महाराष्ट्रातही एक मोठी गोष्ट घडली होती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून १८८४ पासून अर्ज केले, सभा घेतल्या. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून तो सुटीचा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आज आपण निवांतपणे मिस्साला येतो, त्यामागे असे कष्ट आहेत.

पुढे मजूर खात्याची जबाबदारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. त्या काळात, डिसेंबर १९४३ मध्ये, ते स्वतः धनबादकडील कोळसा खाणीत उतरले आणि कामगारांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ मध्ये त्यांनीच मांडले. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखालच्या कामाला दिवसाला आठ तासांची आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि सहा दिवसांहून अधिक काम करून घ्यायला मनाई केली. देवाने सीनाय पर्वतावर दिलेल्या आज्ञेत चाकर, दासी आणि गुरेढोरे यांनाही विश्रांती सांगितली होती (निर्गम २०:८-११). तीच आज्ञा कायद्याच्या भाषेत खाणीपर्यंत पोचायला एवढा काळ लागला.

म्हणून चोरी फक्त पैशाची असते असे समजू नका. मजुराला ‘उद्या ये’ असे तीनदा सांगून फेऱ्या मारायला लावणे म्हणजे त्याचा वेळ चोरणे. सभेला तासभर उशिरा जाऊन चाळीस माणसांना ताटकळत ठेवले तर चाळीस तास वाया गेले. घरातली बाई पहाटे सर्वांच्या आधी उठते आणि रात्री सर्वांच्या नंतर आडवी होते. तिच्या वाट्याला त्या ३६ तासांतले किती येतात? नवऱ्याने पाणी भरले, मुलाने भांडी घासली, तर तिचा एक तास मोकळा होईल. मार्थाने प्रभूच्या पायाशी बसावे असे वाटत असेल, तर स्वयंपाकघरात कोणीतरी हात लावला पाहिजे.

६. या आठवड्यासाठी काही सूचना

(अ) पाळीआधीची तपासणी. भूमिगत खाणीत माणसे कामाला लागण्याआधी मायनिंग सरदार जागेची पाहणी करतो. वायू आहे का पाहतो, छत ठोकून आवाज ऐकतो. भरीव छताचा आवाज वेगळा, पोकळ छताचा वेगळा. ही तपासणी म्हणजे वेळेचा अपव्यय असे कोणी म्हणत नाही, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतात. आपल्या दिवसाचीही अशी तपासणी करा. सकाळी दहा मिनिटे प्रार्थना आणि एकच प्रश्न: प्रभू, आज माझे मुख्य काम कोणते? उत्तर एका ओळीत कागदावर लिहा.

(आ) बिडी-काडेपेटी वरच ठेवा. कोळशाच्या भूमिगत खाणीत उतरताना बिडी, काडेपेटी नेता येत नाही. कितीही सवय असली तरी ती वर ठेवावीच लागते, आणि ड्यूटीचे आठ तास त्यावाचून निघतात. मोबाइलचेही तसेच करा. अभ्यास, जेवण, कुटुंबाची प्रार्थना आणि मिस्सा या चार वेळांना तो दुसऱ्या खोलीत ठेवा.

(इ) वापसा पाहून काम करा. पाऊस पडला म्हणून शेतकरी लगेच वखर घेऊन निघत नाही. जमिनीला वापसा येऊ देतो. आपल्या मनालाही वापसा असतो. कोणाचे मन पहाटे ताजे असते, कोणाचे रात्री. अवघड काम त्या वेळेला करा आणि सोपी कामे बाकीच्या वेळेत.

(ई) रात्रपाळीवाल्यांची झोप जपा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचे दिवसा झोपणे हा आळस नव्हे, ते त्याच्या कामाचेच अंग आहे. अपुऱ्या झोपेने लक्ष उडते आणि यंत्राजवळ किंवा रस्त्यावर लक्ष उडाले तर अपघात होतो. घरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. ज्याला सकाळी प्रार्थना जमत नाही, त्याने ड्यूटीवर निघण्याआधी करावी. देवाच्या घड्याळात रात्रपाळीही आहे. मेंढपाळांना ख्रिस्तजन्माची वार्ता रात्री राखण करतानाच मिळाली.

(उ) पगाराची संध्याकाळ आधीच ठरवा. मोह येतो तो रिकाम्या वेळी आणि भरल्या खिशात. त्या दिवशी कुठे जायचे, कोणाबरोबर जायचे, हे आदल्या दिवशी घरात बोलून ठरवा. एक संध्याकाळ वाचली तर पुष्कळदा महिना वाचतो.

(ऊ) विद्यार्थ्यांसाठी. पाऊण तास अभ्यास, दहा मिनिटे विश्रांती, पुन्हा पाऊण तास. बसण्याआधी काय पूर्ण करायचे ते लिहा. ‘गणित करतो’ असे लिहू नका, ‘पाच उदाहरणे सोडवतो’ असे लिहा.

(ए) रविवार राखा. ज्यांची रविवारी ड्यूटी असते त्यांनी निदान दुसरा एखादा दिवस देवासाठी आणि कुटुंबासाठी राखून ठेवावा आणि मिस्साच्या वेळेबाबत फादरांशी बोलावे. शिष्य दमून आले तेव्हा प्रभूने त्यांना आणखी काम दिले नाही. एकान्तात येऊन थोडा विसावा घ्या, असे सांगितले (मार्क ६:३१).

७. यश कशाला म्हणावे?

वेळ नीट वापरला, लक्ष एकवटले, तर कामात यश मिळते हे खरे आहे. पण लूकच्या शुभवर्तमानातील त्या श्रीमंत शेतकऱ्याचे नियोजनही उत्तमच होते (लूक १२:१६-२१). जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची आणि पुढच्या पुष्कळ वर्षांची सोय लावायची, असे त्याने ठरवले होते. फक्त त्याच रात्री आपला प्राण मागितला जाईल हे त्याच्या हिशोबात नव्हते. त्याच्या योजनेत देव नव्हता आणि शेजारीही नव्हता.

म्हणून ख्रिस्ती माणसाने दिवस दोनदा मोजावा. सकाळी विचारावे, आज काय करायचे आहे? रात्री विचारावे, आज मी कोणावर प्रेम केले? पहिल्या प्रश्नाने कामे पूर्ण होतात. दुसऱ्या प्रश्नाने कळते की ती कोणासाठी केली. बढती मिळाली पण मुलगा बापाशी बोलेनासा झाला, तर तो चुना वरून भाजलेला आणि आत कच्चा आहे. उलट, कामावर सामान्य राहिलेला पण रोज अर्धा तास आजारी आईजवळ बसणारा माणूस देवाच्या वहीत यशस्वी आहे.

ज्यांना वाटते की आपली वर्षे वाया गेली, आता उशीर झाला, त्यांनी द्राक्षमळ्याचा दाखला वाचावा (मत्तय २०:१-१६). शेवटच्या तासाला कामावर आलेल्यांनाही धन्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. उरलेला वेळ थोडा असेल, पण देणारा उदार आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील प्रत्येकाचे १६८ तास कागदावर मांडा. कोणाला विश्रांती सर्वांत कमी मिळते? तिचा किंवा त्याचा एक तास कसा मोकळा करता येईल?

२. कोणत्या चांगल्या गोष्टीला मी ‘आत्ता नाही’ म्हणायला हवे, म्हणजे माझे मुख्य काम होईल?

३. या महिन्यात मी कोणाचा वेळ घेतला आणि त्याची भरपाई केली नाही?

प्रार्थना

हे प्रभू येशू, नासरेथच्या सुतारकामाच्या घरात तू श्रमाचे दिवस घालवलेस. आमचे तास तुझ्या हाती देतो. कामाच्या वेळी आमचे लक्ष स्थिर ठेव, विश्रांतीच्या वेळी आमचे मन शांत ठेव. जे रात्रपाळीवर आहेत त्यांना सुखरूप घरी आण. जे इतरांच्या इच्छेने राबतात त्यांना न्याय मिळू दे. आमचा शेवटचा दिवस येईल तेव्हा आमची ठेव पुरलेली नसो, ती तुझ्या आणि शेजाऱ्याच्या सेवेत वापरलेली असो. आमेन.